रिकाम्या पुंगळीची कुळकथा

बंदुकीचा बार उडाला की काडतुसातल्या चार गोष्टींपैकी तीन तिथंच संपतात. गोळी निशाणाकडे निघून जाते, दारू जळून जाते आणि बुडाशी बसवलेला, ठिणगी टाकणारा प्रायमर एकदा पेटला की निकामी होतो. मागं उरते पितळेची पुंगळी. काडतुसातला सगळ्यात महागडा भाग बहुधा तोच. दाबानं ती जराशी फुगलेली असते, तोंडाशी काळवंडलेली असते, एवढंच. अमेरिकेतल्या नेमबाजीच्या मैदानांवर बार थांबले की माणसं वाकून या पुंगळ्या वेचताना दिसतात. घरी नेऊन त्या साफ करायच्या, मूळ मापावर आणायच्या, नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी घालून पुन्हा वापरायच्या. तिकडे याला रीलोडिंग किंवा हँडलोडिंग म्हणतात. तळघरात किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात एक भक्कम टेबल, त्याला बोल्टनं जखडलेली लोखंडी प्रेस आणि शेजारी तराजू, एवढ्यावर हा संसार चालतो.

अमेरिकेत बंदूक बाळगणारे कोट्यवधी आहेत, त्यांतले थोडेच या टेबलापाशी बसतात. पण बंदूक घरात ठेवायची ती कशासाठी, या प्रश्नाचं त्या देशातलं जुनं उत्तर याच टेबलावर सर्वांत चांगलं टिकून राहिलं आहे. ते समजून घ्यायचं तर बुडाला एक छोटं भोक असलेल्या या पितळी नळीची कुळकथाच पाहावी लागते.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात काडतूस भरणं हा वेगळा छंद असण्याचं कारणच नव्हतं. दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची, कानात रंजक घालायची, हे सगळं ज्याचं त्यानंच करायचं. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातले जर्मन वंशाचे कारागीर लांब नळीच्या रायफली घडवत. रायफलीबरोबर तिच्याच नळीच्या मापाचा गोळ्यांचा साचा मिळे. गिऱ्हाईक चुलीवर शिसं वितळवून त्यातून आपल्या गोळ्या पाडून घेई. दोन रायफलींची मापं तंतोतंत एकसारखी नसत, त्यामुळे एकाच्या गोळ्या दुसऱ्याच्या कामाला येतीलच असं नसे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजही ठासणीच्या बंदुका बाळगल्या जातात. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. ज्यानं रानडुकरांपासून पीक राखायला अशी बंदूक भरली असेल, त्याला दारूचं माप हाताला कसं बसतं हे वेगळं सांगायला नको.

हा जुना रिवाज मोडायला कारण झाला तो एक धर्मोपदेशक. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचे अलेक्झांडर जॉन फोर्साइथ यांना शिकारीचा नाद होता. गारगोटीची ठिणगी उडाली की पाण्यावरचे पक्षी सावध होत आणि बार पोहोचण्याआधीच उठत. ठोका बसताच पेटणारी रासायनिक भुकटी वापरून बार काढायची युक्ती त्यांनी शोधली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढं त्याच तत्त्वावर तांब्याची छोटी टोपी आली आणि मराठी मुलखात ‘केपाची बंदूक’ म्हणून ओळखली जाणारी जात तयार झाली. १८१२ मध्ये पॅरिसमध्ये झां साम्युएल पॉली या स्विस कारागिरानं गोळी, दारू आणि पेट घेणारी भुकटी एकाच काडतुसात बसवली. कल्पना काळाच्या फार पुढची होती, तिचा प्रसार व्हायला चार दशकं गेली.

१८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीनं एक चिमुकलं रिव्हॉल्वर बाजारात आणलं. त्याचं काडतूस तांब्याचं होतं आणि पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेच्या दुमडीत भरलेला होता. घोडा त्या कडेवर आपटला की बार. याला रिमफायर म्हणतात. भरायला सोपं, ओल न धरणारं आणि कारखान्यात स्वस्तात होणारं. उणीव एकच. ठोक्यानं कड चेपली की चेपली, घरबसल्या तिथं पुन्हा मसाला भरण्याची सोय नाही. रिमफायरची पुंगळी एका बाराची धनी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते याच घराण्यातल्या .२२ काडतुसावर. त्या पातळीचे नेमबाजसुद्धा स्वतः काडतुसं भरत नाहीत, भरू शकतच नाहीत. ते कारखान्यातले वेगवेगळे लॉट स्वतःच्या रायफलीतून झाडून पाहतात आणि जो लॉट त्या नळीला मानवेल त्याचा साठा करतात.

पुनर्भरणाचं खरं बीज रुजलं १८६६ च्या सुमारास, अटलांटिकच्या दोन्ही काठांवर जवळजवळ एकदमच. अमेरिकेत हायरम बर्डन नावाचा अभियंता होता. यादवी युद्धात त्यानं निवडक नेमबाजांच्या पलटणी उभ्या केल्या होत्या. त्यानं बुडाच्या मध्यभागी प्रायमर बसवण्याची पद्धत काढली. प्रायमर ज्यावर चेपून पेटतो तो उंचवटा त्यानं पुंगळीतच घडवला आणि ज्योत आत जायला त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक भोकं ठेवली. इंग्लंडमध्ये वूलिचच्या शस्त्रागारातला अधिकारी एडवर्ड मॉनिअर बॉक्सर यानं हेच काम दुसऱ्या रीतीनं केलं. त्याच्या रचनेत तो उंचवटा प्रायमरच्याच पोटात आला आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच ठसठशीत भोक राहिलं.

फरक एवढासाच, पण पुढच्या दीडशे वर्षांचा छंद त्यावर उभा आहे. बॉक्सरच्या पुंगळीत तोंडातून एक सळई घातली की ती सरळ मधल्या भोकातून जाते आणि वापरलेला प्रायमर टकन बाहेर पडतो. बर्डनच्या पुंगळीत ती सळई उंचवट्यावर आपटते. प्रायमर काढायचा तर बाहेरून टोकदार आकडीनं उचकटायला किंवा पुंगळीत पाणी भरून त्याच्या दाबानं ढकलायला लागतो. नवल असं की अमेरिकन माणसाची रचना युरोपच्या सैन्यांनी उचलली आणि इंग्रजाची रचना अमेरिकेत घरोघरी पोहोचली. युरोपीय लष्करांना पुंगळ्या पुन्हा भरायच्याच नव्हत्या. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला मात्र त्या भरायच्या होत्या, कारण दुकान लांब होतं.

ते किती लांब होतं याची कल्पना बायसनच्या शिकारीवरून येते. १८७२ मध्ये रेल्वे कॅन्ससच्या डॉज सिटीला पोहोचली आणि कातड्यांना पूर्वेकडच्या कारखान्यांची बाजारपेठ खुली झाली. शार्प्स कंपनीच्या जड रायफली घेऊन शिकारी महिनोन्महिने माळावर तळ ठोकत. तयार काडतुसांच्या पेट्या महाग आणि वाहून न्यायला अवजड. म्हणून दारूचे डबे, शिशाच्या कांबी, प्रायमर आणि साचा एवढंच गाड्यात घालून न्यायचं, दिवसा मारायचं आणि रात्री शेकोटीपाशी उद्याची काडतुसं भरायची. या काटकसरीनं केलेला संहार भयंकर होता. दहा-पंधरा वर्षांत कोट्यवधींचे कळप काहीशेंवर आले, आणि त्या जनावरावर जगणाऱ्या लाकोटा, शायेन, कोमांची अशा जमातींची अन्नाची वाटच बंद झाली. पुनर्भरणाच्या इतिहासात हे पान वगळून पुढं जाता येत नाही.

तोच काटकसरीचा धागा साध्या शेतकऱ्याच्या घरातही होता. १८७३ मध्ये विंचेस्टर कंपनीनं नवी रायफल आणि तिच्यासाठी .४४-४० हे मध्यभागी प्रायमर असलेलं काडतूस आणलं. काही वर्षांत कोल्टनं त्याच मापाचं रिव्हॉल्वरही काढलं आणि दोन्ही हत्यारांना एकच काडतूस चालू लागलं. विंचेस्टरनं लवकरच भरणीचं अवजारही विकायला काढलं. १८८४ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला जॉन बार्लोनं आयडियल नावाची कंपनी सुरू केली. तिचं अवजार बरंचसं अडकित्त्यासारखं. दोन दांड्या, मध्ये पुंगळी धरायची खोबण, आणि काही नमुन्यांत टोकाला गोळ्या पाडायचा साचासुद्धा. खोगिराच्या पिशवीत मावेल एवढं. बार्लो त्याबरोबर एक पुस्तिका काढी, आयडियल हँडबुक. कुठल्या मापाला कोणती गोळी आणि किती दारू, हे त्यात कोष्टकांसह छापलेलं असे. तोवर ही विद्या तोंडी चालत होती, आता ती कागदावर आली. १९२५ मध्ये लायमन कंपनीनं आयडियलचा धंदा विकत घेतला आणि पुस्तिकेची ती परंपरा पुढं चालवली.

काटकसरीच्या याच काळात भरणीमागचं दुसरं कारण, अचूकपणा, पुढं आलं. नॅशनल रायफल असोसिएशन आज राजकारणामुळे जगभर ठाऊक आहे. १८७१ मध्ये ती स्थापन झाली ती यादवी युद्धात सैनिकांची नेमबाजी फारच कच्ची दिसली म्हणून. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूरचं मैदान तयार झालं आणि १८७४ मध्ये तिथं आयर्लंडच्या संघाशी सामना झाला. आयरिश ठासणीच्या रायफलींवर, अमेरिकन नव्या मागून भरायच्या रायफलींवर. ८००, ९०० आणि १००० यार्डांवरून गोळ्या झाडून झाल्यावर अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली. एका आयरिश नेमबाजाची गोळी मध्यभागी लागली होती, पण भलत्याच निशाणाच्या. त्या एका गोळीनं सामना फिरला. हजार यार्डांवर दारूच्या मापातला जरासा फरकही गोळी वर किंवा खाली नेतो, हे ध्यानात आलेला माणूस मग दुसऱ्यानं भरलेल्या काडतुसावर सहजी विसंबत नाही.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्येईनं धूर न करणारी दारू बनवली आणि टेबलावरची जोखीम बदलली. काळी दारू पुंगळी जवळजवळ काठोकाठ भरते, चुकून दुप्पट ओतली तर सांडते आणि चूक डोळ्याला दिसते. नवी दारू कितीतरी जोरकस. काही काडतुसांत ती तळाशी थोडीशीच असते, दुप्पट पडली तरी वरून कळत नाही आणि बार काढताना नळी फुटते. तेव्हापासून तराजू आणि छापील कोष्टक ही या कामाची पहिली अट झाली. १९३७ मध्ये फिलिप शार्प यानं या विषयावरचा जाडजूड ग्रंथ लिहिला तो याच गरजेतून.

ही मर्यादा ताणणारेही होते. त्यांच्यात सर्वांत गाजला आयडाहोचा गुराखी एल्मर कीथ. अतिजोरकस भरणी झाडताना .४५ मापाच्या एका कोल्ट रिव्हॉल्वरचं चक्र फुटलं, तेव्हा तो .४४ स्पेशलकडे वळला. माप जरा लहान असल्यानं चक्रात दोन काडतुसांमधली भिंत जाड राहते. पुढची पंचवीस-तीस वर्षं तो त्यासाठी जड गोळ्या आणि जोरकस भरण्या करत राहिला, लेख लिहीत राहिला आणि कारखान्यांच्या मागं लागला. शेवटी १९५५-५६ मध्ये रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसननं .४४ मॅग्नम बाजारात आणलं. ‘डर्टी हॅरी’ चित्रपटात क्लिंट ईस्टवुडच्या हातात जे रिव्हॉल्वर जगानं पाहिलं, त्याचं काडतूस असं एका गुराख्याच्या टेबलावर जन्मलं होतं. .२२-२५० आणि .२५-०६ ही रायफलीची मापंही शौकिनांनी जुन्या पुंगळ्यांचे गळे आवळून बनवलेली. रेमिंग्टननं ती अनुक्रमे १९६५ आणि १९६९ मध्ये आपल्या यादीत घेतली.

आजच्या छंदाला आकार आला तो दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईनं. तांबं, शिसं, दारू सगळं सैन्याकडे वळलं, शिकाऱ्यांना गोळ्या मिळेनात. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या बाजूला साचे घडवू लागला. वापरलेल्या .२२ रिमफायर पुंगळ्या, ज्यांना पुन्हा भरताच येत नाही, त्या दाबून त्यांचंच वेष्टण करायचं आणि आत शिसं भरून नवी गोळी बनवायची. या गोळ्या ‘रॉक चक’ म्हणजे शेतं पोखरणाऱ्या मार्मटच्या शिकारीसाठी होत्या. त्यावरून त्याच्या कंपनीला आरसीबीएस हे नाव मिळालं. वर्नन स्पीअर आणि जॉइस हॉर्नडी या दोघांनीही याच टाकाऊ पुंगळ्यांपासून सुरुवात केली. पुढं स्पीअर आयडाहोतल्या लुइस्टनला गेला. हॉर्नडीनं १९४९ मध्ये नेब्रास्कात स्वतःचा कारखाना काढला. युद्ध संपल्यावर सरकारकडे रायफलीच्या दारूचे ढीग पडून होते. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडननं आयुर्विम्यावर कर्ज काढून ४८९५ क्रमांकाची दारू घाऊक उचलली, भाड्यानं घेतलेल्या कुरणात रेल्वेचा जुना डबा उभा करून त्यात साठवली आणि मासिकात छोट्या जाहिराती देऊन विकली. युद्धावरून परतलेल्या लाखो तरुणांना रायफल हाताळायची सवय होती, शिकारीला जायची हौस होती आणि खिशात पैसे बेताचे होते. या चारही घराण्यांची नावं आज भरणीच्या जवळजवळ प्रत्येक टेबलावर सापडतात.

त्या टेबलावरचं काम जवळून पाहिलं तर त्यात घाई कुठंच नाही. पुंगळीला हलकासा वंगणाचा हात लावून ती प्रेसमध्ये उभी करायची आणि दांडा खाली ओढायचा. वरचा पोलादी साचा फुगलेली पुंगळी दाबून मापात आणतो आणि त्याच फेऱ्यात आतली सळई जुना प्रायमर खाली पाडते. मग कॅलिपरनं लांबी मोजायची, कारण प्रत्येक बारागणिक पितळ तोंडाकडे ताणलं जातं. जास्त झालं तर कापायचं. बुडाजवळ बारीक चकाकती रेघ दिसली तर ती पुंगळी मोडीत काढायची, पुढच्या बाराला ती तिथंच फाटणार. दारूचं वजन ग्रेनमध्ये करतात. एका पौंडात ७००० ग्रेन, आणि तराजू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत दाखवतो. गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या फळीवर ओळीनं उभ्या करून दिव्याखाली प्रत्येकीत डोकावायचं, दारूची पातळी सारखी आहे ना. अनुभवी माणूस या वेळी टीव्ही लावत नाही, कुणाशी बोलत नाही, आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवतो. शिसं पोटात आणि फुप्फुसात जाऊ नये म्हणून काम झाल्यावर हात धुतो.

एवढा खटाटोप करण्यामागं प्रत्येकाचं कारण सारखं नसतं. कुणाकडे आजोबांची शंभर वर्षांपूर्वीची रायफल असते आणि तिचं काडतूस आता कुठलाच कारखाना नेमानं काढत नाही. कुणाला हरणाच्या हंगामाआधी आपल्या रायफलीला मानवणारी एक भरणी पक्की करायची असते, म्हणजे एका गोळीत जनावर पडावं, जखमी होऊन रानात तडफडू नये. पैसे वाचतात असंही बरेच सांगतात. मोठ्या मापांत ते खरंही आहे, पण बरेचदा वाचलेल्या पैशांत माणूस जास्त गोळ्या झाडतो. सर्वांत टोकाचे म्हणजे बेंचरेस्टचे, रायफल टेबलावर टेकवून नेम साधणारे स्पर्धक. १९७५ मध्ये लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी रशियन काडतुसाच्या पुंगळीवरून ६ एमएम पीपीसी हे माप घडवलं. पाल्मिसानो पेशानं रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद. या खेळात १०० यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्यांनी जवळजवळ एकच भोक पडावं लागतं आणि अंतर इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. स्पर्धक प्रेस आणि दारू मैदानावरच घेऊन येतात आणि मोजक्याच पुंगळ्या दिवसभर पुन्हा पुन्हा भरतात.

आता हे सगळं अमेरिकेच्या आजच्या चित्रात कुठं बसतं? १९९९ च्या देशव्यापी चाचणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांनी मुख्य कारण शिकार सांगितलं होतं, संरक्षण फक्त २६ टक्क्यांनी. २०१३ पर्यंत हे उलटलं, संरक्षण ४८ आणि शिकार ३२. प्यू या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं २०२३ मध्ये प्रश्न जरा वेगळ्या रीतीनं, प्रत्येक कारणाबद्दल स्वतंत्रपणे विचारला तेव्हा ७२ टक्क्यांनी संरक्षण हे मोठं कारण म्हटलं, ३२ टक्क्यांनी शिकार, ३० टक्क्यांनी नेमबाजीचा खेळ. पलंगाशेजारच्या खणातल्या पिस्तुलासाठी कुणी तराजू घेऊन बसत नाही. कारखान्याची एक पेटी तिथं वर्षानुवर्षं पुरते. पुनर्भरण हे शिकारीचं आणि निशाणबाजीचं, म्हणजे आता अल्पमतात गेलेल्या कारणांचं काम आहे. २०२१ मध्ये त्या देशात बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. हा आकडा समोर असताना शिकारी आणि घाबरलेला घरमालक यांना एकाच नावाखाली मोजणं दोघांवरही अन्याय करणारं आहे. कायदेही बहुतेक वेळा तसंच मोजतात.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो, बंदुकीचा परवाना असून भागत नाही. अमेरिकेत केंद्राचा नियम असा की स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना नको, विकण्यासाठी भरायची तर हवा. त्यामुळे भरणारे आपली काडतुसं सहसा दुसऱ्याला देतही नाहीत. त्यात दुसऱ्याच्या हातात नळी फुटली तर काय, ही धास्तीही असते.

२०१२ च्या डिसेंबरात सँडी हुकच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर नवे निर्बंध येणार या भीतीनं काडतुसांची दुकानं रिकामी झाली, आणि २०२० मध्ये महासाथीत त्याहून मोठा तुटवडा पडला. अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा प्रेस विकत घेतली. पुंगळ्या त्यांच्याकडे होत्या, गोळ्या शिशातून पाडता येत होत्या, दारूही कुठं कुठं मिळत होती. अडलं ते प्रायमरपाशी. तो घरी करण्याजोगा नाही. त्याचा मसाला हाताळणं जिवावरचं काम आहे आणि अमेरिकेत तो मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या तेव्हा चारच होत्या, सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. त्यांतली रेमिंग्टन त्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली होती. हजार प्रायमरचा जो डबा तीस-पस्तीस डॉलरला येई, तो शंभराच्या वर गेला, आणि कित्येक दुकानदारांनी एका गिऱ्हाइकाला एकच डबा असा नियम लावला.